तिकिटाआधी जिना पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्या लागल्या की ‘मुलांना घेऊन कुठे जाल’ अशा याद्या पुरवण्यांतून येतात. पत्ता, दर आणि एखाद्या हसऱ्या मुलाचा फोटो, एवढ्यावर त्या संपतात. नाशिकच्या यादीत पूर्वी पांडवलेणी, सोमेश्वर आणि गंगापूर धरण असे. आता त्यांच्या जोडीला गेम झोन, ट्रॅम्पोलिन पार्क (स्प्रिंगांवर ताणलेल्या कापडाच्या चौकोनांवर उड्या मारायची जागा) आणि सॉफ्ट प्ले (लहान मुलांसाठी गाद्या, जाळ्या, घसरगुंड्या असलेली मऊ खेळजागा) ही छताखालची ठिकाणे आली आहेत. जुलै-ऑगस्टच्या झडीत आणि मे महिन्याच्या उन्हात लोक तिकडे वळणार, यात गैर काही नाही. पण तिथे जाण्याची तयारी म्हणजे ऑनलाइन तिकीट काढणे, असा जो समज झाला आहे, तो पैशाला आणि कधीकधी हाडांनाही महाग पडतो. म्हणून हे पत्र. लांबले आहे, कात्री लावायची झाल्यास दरांच्या भागाला लावावी, ट्रॅम्पोलिनच्या आणि आग लागल्यास उतरायच्या जिन्याच्या भागाला नको.

आधी फोन करावा आणि दर सगळ्यात शेवटी विचारावा. पहिला प्रश्न उंचीचा. बहुतेक खेळांना प्रवेश वयावर नव्हे, उंचीवर मिळतो. ९० आणि १२० सेंटिमीटर या दोन खुणा वारंवार आढळतात. मुलाला घरीच चपला काढून भिंतीशी उभे करून मोजावे, म्हणजे दारात रडारड होत नाही. सॉफ्ट प्लेला बऱ्याचदा वरचीही मर्यादा असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांची धाकटी आणि नऊ वर्षांचा थोरला असे भावंड असेल, तर एकाच विभागात दोघांना सोडता येत नाही. म्हणजे मोठी माणसे दोन हवीत, एकेकाबरोबर एक. आई एकटी दोघांना घेऊन निघाली तर कुणीतरी एक जण नजरेआड होणारच.

दुसरा प्रश्न: त्या दिवशी वाढदिवसाचे बुकिंग आहे का? असेल तर तीस-चाळीस मुले एकदम आत येतात, एखादा विभाग त्यांच्यासाठी राखून ठेवला जातो आणि तुमचे तिकीट मात्र पूर्ण दराचे असते. तिसरा प्रश्न जनरेटरचा. वीज गेल्यावर केवळ दिवे लागतात की वातानुकूलनही चालते, हे नेमके विचारावे. बंदिस्त हॉलमध्ये उड्या मारणाऱ्या मुलांना हवा थांबली की दहा मिनिटांत त्रास सुरू होतो. गेलेला वेळ वाढवून देतात का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

आता दर. जाहिरातीतला आकडा बहुधा एका मुलाचा, एका तासाचा आणि सोमवार ते गुरुवारचा असतो. समजा तो ५०० रुपये आहे. दोन मुलांचे १,००० झाले. सोबतच्या दोन मोठ्यांना नुसते आत उभे राहायचे १५० प्रमाणे ३००. पकड असलेले मोजे सक्तीचे, ८० रुपयांचा जोड धरला तर चौघांचे ३२०. दरात जीएसटी धरलेला नसेल, तर तिकिटांवर १८ टक्क्यांनी आणखी २३४. बेरीज १,८५४ रुपये, आणि अजून कुणी पाण्याची बाटलीही घेतलेली नाही. मोजे घरी आणून पुढच्या वेळी चालतात का, हे विचारावे; बऱ्याच ठिकाणी चालतात. नुसते बघत बसणाऱ्या आजी-आजोबांचे तिकीट लागते का आणि त्यांना बसायला पाठ असलेली खुर्ची आहे का, हे दोन प्रश्न एकत्रच विचारावेत. कित्येक ठिकाणी पहिल्याचे उत्तर ‘हो’ असते आणि दुसऱ्याचे ‘नाही’.

तास हाही सरळ साठ मिनिटांचा नसतो. स्लॉट छापील वेळेला सुरू होतो, तुम्ही आत गेल्यावर नाही. बूट काढणे, लॉकर, मोजे, मनगटाची पट्टी म्हणजे रिस्टबँड, सूचनांचा व्हिडिओ यांत दहा-पंधरा मिनिटे जातात. त्यामुळे अर्धा तास आधी पोचणे हाच खरा स्वस्ताईचा मार्ग. निफाड, पिंपळगाव, सिन्नर, दिंडोरीकडून येणाऱ्यांनी तर एक तास हातात ठेवावा. द्वारका आणि मुंबई नाका हे चौक रविवारी संध्याकाळी किती वेळ खातील हे सांगता येत नाही, त्यात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची भर. बसने आल्यास निमाणी, ठक्कर बाजार किंवा महामार्ग स्थानकावरून पुढचे वाहन मिळेपर्यंतचा वेळही धरावा. उशिरा आल्यामुळे बुडालेला स्लॉट परत मिळत नाही. तारीख बदलून मिळते का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे.

वेळ निवडायची तर सकाळचा पहिला स्लॉट. मॉल अकराच्या सुमारास उघडतात. गर्दी नसते, गाद्या नुकत्याच पुसलेल्या असतात आणि देखरेख करणारी पोरेही ताजी असतात. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ ही सर्वांत वाईट वेळ. मोठ्या आवाजाने किंवा लखलखत्या दिव्यांनी बावरणारी मुले असतील, स्वमग्न मुले असतील, तर कामाच्या दिवशीची सकाळच घ्यावी आणि संगीत कमी करायला आधी सांगून ठेवावे. नम्रपणे सांगितले तर बहुतेक चालक ऐकतात. जेवण किमान दोन तास आधी, तेही हलके. मिसळ खाऊन थेट ट्रॅम्पोलिनवर जाणाऱ्यांचे काय होते, ते सफाई कामगारांना विचारावे.

कपड्यांचे मात्र गांभीर्याने घ्यावे. आपल्याकडे लहान मुलाच्या गळ्यात काळा दोरा, ताईत किंवा गोफ असतो. सॉफ्ट प्लेच्या जाळीत किंवा घसरगुंडीच्या कडेला तो अडकला तर मूल गळ्याने लटकते, आणि चांगला दोरा सहजी तुटत नाही. त्या दोन तासांपुरता तो काढून ठेवावा. टोपीच्या जॅकेटची नाडी, कानातले लोंबते डूल, पैंजण, मुलींच्या बांगड्या आणि मोठ्यांचे मंगळसूत्र यांनाही तोच नियम. घसरगुंडीवर कोपर आणि गुडघे घासून भाजल्यासारखे होतात, म्हणून पूर्ण पायांची सुती लेगिंग घालावी. ज्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले यंत्र) आहे, त्याचा बाहेरचा प्रोसेसर प्लॅस्टिकच्या घसरगुंडीआधी काढून ठेवावा. तिथे साठणाऱ्या स्थिर विजेने तो बिघडू शकतो. गाडी लावतानाच मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढावा आणि मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहावा. रिस्टबँडवर लिहिलेला नंबर रिस्टबँडबरोबरच हरवतो.

ट्रॅम्पोलिनबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिथली इजा नशिबाने होत नाही, ठरलेल्या कारणाने होते. एका चौकोनावर एकाच वेळी एकच जण, हा तिथला मूळ नियम. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या निवेदनात नोंदवले आहे की ट्रॅम्पोलिनवरील सुमारे तीन चतुर्थांश इजा एकाहून अधिक जण एकत्र उडी मारताना होतात, आणि त्यांत हलक्या मुलाला दुखापत होण्याची शक्यता जास्त असते. कारण साधे आहे. सत्तर किलोचे बाबा खाली आले की कापड खोल दबते आणि वर उसळते. नेमक्या त्याच क्षणी पंधरा किलोचे मूल खाली येत असेल, तर कापड त्याला झेलत नाही, वर येऊन आदळते. तो धक्का पायाच्या नळीच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या लगेच खाली बसतो आणि तिथे हाड मोडते. मूल पडलेले नसते, कुणी ढकललेले नसते, म्हणून घरच्यांचा विश्वासच बसत नाही. तेव्हा मुलाला हाताला धरून त्याच चौकोनावर उंच उडवण्याचे कौतुक पालकांनी करू नये. सहा वर्षांखालील मुलांसाठी वेगळा, प्रत्यक्ष आडोसा असलेला विभाग नसेल, तर त्या वयाच्या मुलाला घेऊन तिथे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘लहान मुलांची वेळ’ अशी पाटी पुरत नाही.

कोलांटउडी नको, मानेवर पडण्याची किंमत आयुष्यभराची असते. फोमच्या ठोकळ्यांनी भरलेल्या खड्ड्यात उडी पायांवर किंवा बुडावर घ्यावी, डोके खाली करून कधीच नाही. खड्डा काठोकाठ भरलेला आहे का, हे पाहावे. ठोकळे झिजून, तुटून पातळी खाली गेली असेल तर अंग थेट तळाला लागते. दोन चौकोनांमधल्या गाद्या हाताने दाबून पाहाव्यात. खालची स्प्रिंग किंवा लोखंडी पट्टी बोटाला जाणवली, किंवा गादी सरकून फट दिसली, तर तो चौकोन टाळावा आणि तिथल्या माणसाला दाखवावा. तो माणूस कुठे उभा आहे आणि कुठे पाहतो आहे, यावरून त्या ठिकाणाची अर्धी परीक्षा होते. मोबाइलमध्ये डोके घातलेल्या दोघांपेक्षा उंचावर उभा राहून शिट्टी वाजवणारा एक बरा.

दुसरी फसवी जागा घसरगुंडी. मूल घाबरते म्हणून आई त्याला मांडीवर घेऊन घसरते. मुलाचा बूट किंवा मोजा कडेला अडकतो, पाय तिथेच राहतो आणि आईचे वजन पुढे जाते; नळीचे हाड पिळून मोडते. एकटे घसरणाऱ्या मुलाचा पाय अडकला तर ते फार तर तिथेच थांबते. म्हणून मूल एकटे घसरू शकत नसेल, तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही. बॉल पूलमध्ये, म्हणजे चेंडूंनी भरलेल्या हौदात, उडी मारण्याआधी खाली कुणी बसलेले नाही ना, हे पाहायला शिकवावे. चेंडूंखाली दडलेले दीड वर्षाचे मूल वरून दिसत नाही. चेंडू कधी धुतले, हा प्रश्न विचारायला लाजू नये. ताप, डोळे आलेले, किंवा हाता-पायांवर आणि तोंडात पुरळ असलेले मूल तिथे नेऊ नये. पावसाळ्यात अशी साथ एका बॉल पूलमधून एका अख्ख्या बालवाडीत पोचू शकते.

गो-कार्ट (शर्यतीची छोटी गाडी) आत असेल तर ती बॅटरीवरची आहे का, हे पाहावे. पेट्रोलच्या गाड्या बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडतात, आणि त्याला वास नसतो. लांब केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी व पदर काढून किंवा घट्ट खोचून. मागच्या फिरत्या आसात ते ओढले जातात. गरोदर बाईने डॅशिंग कारमध्ये बसू नये. व्हीआर, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग उभे करणाऱ्या, चष्म्यांच्या कंपन्या किमान वय ठरवून देतात, कुणाची १० वर्षे तर कुणाची १३; खेळ चालवणारा ‘बसू द्या हो’ म्हणाला तरी ते पाळावे. घरात कुणाला फिट येत असतील तर लुकलुकत्या दिव्यांचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

गेम कार्डाचा, म्हणजे आधी पैसे भरून यंत्रांवर फिरवायच्या कार्डाचा, हिशेब वेगळा ठेवावा. किमान रिचार्ज किती, उरलेली रक्कम परत मिळते का, मुदत किती आणि ‘बोनस’ रक्कम सगळ्या यंत्रांवर चालते का, हे चार प्रश्न. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला म्हणून मूल कार्ड पुन्हा फिरवते आणि पैसे दोनदा कापले जातात. हा तिथला रोजचा प्रकार आहे. लगेच काउंटरवर दाखवल्यास परत मिळतात, घरी गेल्यावर नाही. प्रत्येक मुलाला ठरावीक रकमेचे वेगळे कार्ड द्यावे. पंजाने खेळणे उचलायच्या यंत्रात पंजाची पकड चालकाला कमी-जास्त ठरवता येते, एवढे मोठ्या मुलांना जरूर सांगावे.

आता जिना. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी, शनिवारी, आग लागली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. वेल्डिंगचे काम चालू होते, ठिणगी उडाली, आत जळणारे साहित्य आणि इंधनाचा साठा होता, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. सुटीचा दिवस आणि सवलतीचे तिकीट, त्यामुळे गर्दी. फोम, रेक्झिन आणि प्लॅस्टिक हेच या जागांचे सामान आहे. ते पेटले की ज्वाळेआधी काळा विषारी धूर येतो आणि दिसेनासे होते. शिवाय मॉलमधले गेम झोन बहुधा वरच्या मजल्यावर, फूड कोर्टच्या शेजारी असतात. म्हणजे सरकते जिने आणि लिफ्ट सोडून अनवाणी मुलांना कडेवर घेऊन उतरायचे आहे.

म्हणून आत गेल्यावर, बूट काढण्यापूर्वी, पाच मिनिटे फिरावे. आलो त्या दारापासून दूर असलेले दुसरे दार शोधावे. ते बाहेरच्या बाजूला उघडते का, कडी-कुलूप नाही ना, ‘एक्झिट’चा दिवा लागलेला आहे का? दार ढकलून मागचा जिना पाहावा. तिथे खोकी, मोडक्या खुर्च्या किंवा सिलिंडर रचलेले असतील, तर तो जिना नाहीच असे समजावे. अग्निशामक नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा आणि चिठ्ठीवरची तारीख चालू मुदतीची हवी. कुठेही वेल्डिंग, रंगकाम किंवा वायरिंग चालू असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, परत फिरावे. सारे ठीक असेल तर घरच्यांना दुसरे दार दाखवून बाहेर भेटण्याची एक जागा ठरवावी.

कागदाचेही पाहता येते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचे असते. बोलीभाषेत त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. काउंटरवर शांतपणे विचारावे, ‘चालू सहामाहीचा फॉर्म बी आहे का?’ वर्षापूर्वीचा ना हरकत दाखला चौकटीत लावला असेल, तर ते उत्तर झाले नाही. नाशिकमध्ये चौकशी वा तक्रार शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन मुख्यालयात करता येते.

इजा झालीच तर मालिश नको, ‘चालून बघ’ नको. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. लहान मूल पायावर भार द्यायला नकार देत असेल, तर सूज नसली तरी एक्स-रे काढावा. मान दुखते म्हणत असेल तर हलवू नये, १०८ ला फोन करावा. पक्का दात मुळासकट पडला तर मूळ न चोळता, वरच्या भागाला धरून उचलावा, दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो. निघण्याआधी अपघात नोंदवहीत नोंद करून घ्यावी, बिल जपावे आणि त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची मागणी लेखी द्यावी, कारण जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. आत जाताना ‘इजेची जबाबदारी आमची नाही’ अशा कागदावर सही घेतात; ‘तुम्ही हमीपत्रावर सही केली आहे’ हे ऐकून गप्प बसू नये. त्या सहीने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

महापालिकेकडे एकच मागणी आहे. तिकीट खिडकीवर दर लिहिलेला असतो, त्याच पाटीवर शेवटच्या फॉर्म बीचा महिना, एका वेळी आत घेता येणाऱ्या माणसांची संख्या आणि बाहेर पडण्याच्या दारांची संख्या लिहायला लावावी. या पाटीला निधी लागत नाही, निविदाही लागत नाही. आणि आपणाकडे विनंती अशी की, पुढच्या सुटीची यादी छापताना दराशेजारी आणखी तीन रकाने घालावेत: उंचीची खालची-वरची मर्यादा, सहा वर्षांखालच्यांसाठी वेगळा विभाग आहे की नाही, आणि सोबतच्या मोठ्या माणसाचे तिकीट किती.

आपला,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक